दारातली फुलं आणि बादलीभर पाणी

दारात गुलाब लावला की एक प्रश्न हमखास येतो. ‘हे कशाला? त्यापेक्षा दोन वांगी लावायची होती, भाजीला तरी आली असती.’ विचारणाऱ्या कधी सासूबाई असतात, कधी शेजारीण, कधी घरचा कर्ता पुरुष. कढीपत्ता लावला तर कुणी काही म्हणत नाही. तुळशीला तर वृंदावनच असतं. गवती चहा, अळू, लिंबू, शेवगा यांनाही अंगणात मानाची जागा. पण नुसतं बघायला लावलेलं झाड, ज्याचं पान चहात टाकता येत नाही की फळ ताटात वाढता येत नाही, ते लावणाऱ्या बाईला मात्र जाब द्यावा लागतो. त्यातून उन्हाळा असला की या प्रश्नाला धार येते. ‘माणसांना पाणी नाही आणि हिची फुलं!’

हा दुसरा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. सोनई पर्जन्यछायेतलं गाव. आमच्या नेवासे तालुक्याची सगळी भिस्त मुळा धरणाच्या उजव्या कालव्यावर. धरण सव्वीस टीएमसीचं, पण ते भरेल तेव्हा. आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, या चर्चेवर आमच्याकडे पारावरच्या संध्याकाळी जातात. २०१३, २०१६, २०१९ ही वर्षं नगर जिल्ह्यानं टँकरच्या मागं धावत काढली. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण जिभेवर अजून नगरच येतं.) २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. अशा मुलखात राहून मी म्हणते, की बाईनं दारात फुलं लावावीत. तर मग हिशेब द्यायलाच हवा.

हिशेब असा. वीस कुंड्या धरल्या आणि कुंडीला रोजचं सरासरी एक लिटर पाणी धरलं, तर वर्षाचं झालं सात हजार तीनशे लिटर. एक एकर उसाला मोकाट पाणी दिलं तर एका पिकाला सुमारे एक कोटी लिटर लागतं. म्हणजे एका एकराच्या पाण्यात तेराशेहून जास्त घरांच्या वीस-वीस कुंड्या वर्षभर भिजतील. ऊस वाईट असं मी म्हणत नाही. सोनईत साखर कारखाना आहे, गावाच्या चुली उसावर पेटतात. पण ठिबक नसलेल्या फडात रात्रभर पाणी सोडून आलेल्या माणसानं सकाळी बायकोच्या मोगऱ्याकडं बोट दाखवू नये, एवढंच म्हणणं.

आणि त्या सात हजार लिटरांतलंही बरंचसं पाणी आधी एकदा वापरून झालेलं असतं. ही काही नवी युक्ती नाही. आपल्या आज्यांच्या घरी न्हाणीच्या मागं काय असायचं आठवा. केळ, अळू आणि लाल-पिवळी कर्दळ. मोरीचं पाणी वाया जायचं नाही, डबकं साचायचं नाही आणि मागच्या दारी बाराही महिने रंग असायचा. आता सांडपाणी शुद्ध करायच्या शास्त्रशुद्ध पद्धतींमध्येही कर्दळ लावतात. तिची मुळं घाण पाण्यात तग धरतात आणि त्यातला बराच मैला धरून ठेवतात. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं. आपण मात्र न्हाणीला पाइप जोडला, पाइप गटारीला जोडला आणि कर्दळ नर्सरीतून पैसे देऊन विकत आणायला लागलो.

तांदूळ-डाळी धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी कोणत्याही झाडाला चालतं. कपड्यांचं पहिलं, पावडरचं पाणी कुंडीला नको. त्यातल्या सोड्यानं माती घट्ट होते. ते कर्दळीकडं जाऊ द्यावं. शेवटचं खळबळलेलं पाणी बोगनवेलीला, कण्हेरीला खुशाल घालावं. आर.ओ. मशीनच्या नळीतून जे पाणी बाहेर पडतं, ते प्यायच्या पाण्यापेक्षा जास्तच असतं, आणि बायका ते जपून गुलाबाला घालतात. पण त्यात आधीच्या पाण्याहून जास्त क्षार उरलेले असतात, आणि आमचं बोअरचं पाणी मुळातच जड. कुंडीच्या कडेला पांढरी खपली धरते ना, ती त्याचीच. या पाण्यानं फरशी पुसावी, सडा घालावा. फारच अडलं तर बोगनवेलीला द्यावं.

हौसेच्या बागा काही परक्या मुलखातून आल्या असंही नाही. अहमद निजामशहानं १४९० च्या दशकात नगर वसवलं आणि त्यानंतर शंभर वर्षं इथं बागा फुलल्या. नगरला गेलात तर फराहबाग बघा. तळ्याच्या मधोमध उभा असलेला महाल आहे. बाग कधीच गेली, दगड-चुना उरला. पण त्या बागांना पाणी कसं आलं ते समजून घेण्यासारखं आहे. डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून खापरी नळांनी शहरात आणलं होतं, उतारानं, कुठल्याही मोटारीशिवाय. म्हणजे आधी पाण्याची सोय आणि मग बाग. बादशहालासुद्धा हा क्रम चुकला नव्हता.

आता आपल्या अंगणाकडं येऊ. बागेचं वर्ष माझ्या मते जानेवारीत सुरू होत नाही, ते सुरू होतं मे महिन्याच्या वळवाला. दोन सरी पडल्या की वर्षभर मेल्यासारखी पडून राहिलेली पावसाळी लिली तीन-चार दिवसांत गुलाबी होते. त्याच सुमाराला चेंडूएवढं लालभडक फूल घेऊन मे फ्लॉवरचा कांदा वर येतो. वर्षातून एकदाच, पण त्या आठवड्यात गल्लीतली सगळी पोरं ते बघून जातात. मृग लागला की बियांचे पुडे बाहेर काढायचे. गुलबक्षी, तेरडा, झिनिया, दसऱ्याचा झेंडू. यांना विकतचं बी लागत नाही, मागच्या वर्षीचं पुरचुंडीत बांधलेलं पुरतं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण ज्या घरात तेरड्याची गौर येते त्या घरात ते तीन दिवसच तर हवे असतात.

पावसाळ्यातली खरी अडचण पावसाची नाही, मातीची आहे. आमची माती काळी, भारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती चिकट लगदा होते. कापसाला, उसाला ती सोन्यासारखी, पण कुंडीत भरली तर मुळं गुदमरतात. एक घमेलं काळी माती असेल तर एक घमेलं पोयटा किंवा जाडी वाळू आणि एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत घालावं. कारखान्याच्या गावात राहणाऱ्यांना कुजवलेली मळीही मिळते. कच्ची मात्र कधीच घालू नये, ती कुजताना तापते आणि रोप जळतं. कुंडीचं भोक खापराच्या तुकड्यानं नीट झाकायचं. शंभरातली निम्मी झाडं पाण्यावाचून नाही, पाणी तुंबून मरतात असं माझं मत झालंय.

माती चुनखडीची असली की जास्वंद, मोगरा, गुलाब यांची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. बायका म्हणतात, नजर लागली. तसं नाही. मातीत लोह असतं, पण चुन्यामुळं झाडाला ते घेता येत नाही. कृषी सेवा केंद्रात हिराकस मिळतं. ते लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारलं तर नवी पानं हिरवी येतात.

श्रावण-भाद्रपदात बाग घराची गरज होते. मंगळागौरीची पत्री, गणपतीची दूर्वा आणि जास्वंद, पहाटे अंगणभर पडलेला प्राजक्त. याच महिन्यांत फूलचोरही वाढतात. आमच्यापासून जवळच शनिशिंगणापूर. तिथं घरांना दारं न लावण्याची रीत जगभर माहीत आहे. सोनईत दारं आहेत, कुंपणं आहेत, कुंपणाला तारा आहेत आणि तरी सकाळी सहाला काठीला आकडा बांधलेली भली माणसं कॅरीबॅग घेऊन फिरायला निघतात. दुसऱ्याच्या जास्वंदीनं आपल्या गणपतीला पुण्य कसं मिळतं, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

दसऱ्यानंतर गुलाबाची छाटणी. ऑक्टोबरच्या मध्यावर केली तर साधारण पन्नास दिवसांत, म्हणजे ऐन थंडीत, फुलं येतात. कापलेल्या टोकाला हळदीचा नाहीतर शेणाचा लेप लावावा. एक गोष्ट आवर्जून सांगते. कलमाच्या गाठीच्या खालून एखादी फांदी जोरात वाढते, पानं बारीक, काटे भरपूर, आणि बाईला वाटतं काय छान फुटलाय गुलाब. तो गुलाब नव्हे, तो खालचा रानटी खुंट. त्याला ठेवलं तर वरचं विकतचं कलम उपाशी मरतं. दिसला की मुळापासून काढायचा.

आणि शेवंती! थंडीतली राणी तीच. नगर तालुक्यातलं अकोळनेर तर तिच्यासाठी ओळखलं जातं. आमच्या गल्लीत एका घरी एक गंमत झाली. एकाच गड्ड्याची रोपं, काही पुढच्या दारी लावली, काही मागं. खत-पाणी सारखं. डिसेंबरात मागची शेवंती पिवळीधमक आणि पुढचीला कळीसुद्धा नाही. घरातल्यांनी खतं बदलली, देवाला बोलून झालं. कारण निघालं खांबावरचा नवा दिवा. शेवंतीला कळी धरायला रात्र मोठी आणि अंधारी लागते. दिवस लहान झाले, रात्र लांबली की तिला समजतं थंडी आली. दारात रात्रभर लख्ख उजेड असेल तर तिच्यालेखी पावसाळा संपतच नाही. पुढची रोपं कुंडीत काढून भिंतीआड नेली आणि जानेवारीच्या शेवटी तीही फुलली. लाल पानांचं पॉइनसेटिया असतं ना, त्याचंही असंच.

अ‍ॅस्टर लावायची असेल तर लांब जायला नको. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ आपल्या शेजारी. त्यांचे ‘फुले गणेश’ नावाचे पांढरे, गुलाबी, जांभळे अ‍ॅस्टर आपल्याच हवेसाठी काढलेले आहेत. आणि जानेवारीत पुण्याला जाणं झालं तर एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन चुकवू नका. ते भरवणारी संस्था १८३० सालची आहे. तिथली पॅन्सी, पिटुनियाची रास बघून जीव हरखतो. तिथून झाडं मात्र जपून आणा. हेच दारावर येणाऱ्या टेम्पोच्या बाबतीत. उरुळी कांचनकडच्या नाहीतर थेट आंध्रातल्या नर्सऱ्यांतून झाडं येतात, हिरव्या जाळीखाली वाढलेली, लाडावलेली. शंभर रुपयांना फुलांनी लगडलेली कुंडी घेतो, दुसऱ्या दिवशी आपल्या उन्हात ठेवतो आणि आठवड्यात ती मान टाकते. आधी आठ दिवस सावलीत, मग आठ दिवस सकाळच्या कोवळ्या उन्हात, मग पुढं. माहेरून आलेल्या मुलीला आपण लगेच चुलीपुढं बसवत नाही, तसंच. (बसवतात काही घरी, ते वेगळं.)

थंडीत मोगऱ्याकडं दुर्लक्ष करायचं, तेही मुद्दाम. डिसेंबरात पाणी तोडायचं, पानं झडू द्यायची. जानेवारीच्या अखेरीस हलकी छाटणी, शेणखत आणि मग पाणी. असा ताण बसला तरच उन्हाळ्यात कळ्यांचे घोस येतात. नुसतं पाणी पिऊन पोसलेला मोगरा पानंच देतो.

मार्चपासून आमची परीक्षा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो. रस्त्यावरची धूळ पानांवर जाड थर धरते, ती संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसावी, नाहीतर पानांचा श्वासच कोंडतो. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो, कापसासारखा पांढरा. थोडा असेल तर जुन्या दातांच्या ब्रशनं काढावा, जास्त असेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून फवारावं. आणि उसाच्या मुलखात राहून पाचट वापरायला विसरू नका. शेतात लोक ते पेटवून देतात. त्याचा चार बोटं जाड थर वाफ्यावर, कुंडीवर अंथरला तर माती झाकली जाते आणि दोनदा घालायचं पाणी एकदाच पुरतं. पाझरणारा जुना माठ वाफ्यात गळ्यापर्यंत पुरून, भरून, वर झाकण ठेवलं तर लग्नाला चार दिवस गावाला जाऊन येता येतं.

पण याहून मोठी गोष्ट झाड निवडण्याची. आमच्याकडं उन्हाळ्यात हिरवळ राखायचा हट्ट म्हणजे शुद्ध उधळपट्टी, मग ती बंगल्यात असो की एखाद्या हॉटेलात. त्याउलट बोगनवेल बघा. पाणी तोडलं की ती जास्त फुलते. खुरचाफा पानं टाकून देतो आणि उघड्या फांद्यांवर फुलं धरतो. सदाफुली, पिवळी घंटी, कण्हेर भर दुपारी हसत असतात. (कण्हेरीला विष आहे, तान्ह्या पोरांच्या आणि शेळीच्या तोंडापासून दूर लावा.) ही झाडं आपल्या उन्हाला ओळखतात. त्यांना ‘साधी’ म्हणून नाक मुरडायचं आणि थंड हवेची झाडं आणून मे महिन्यात रडायचं, यात शहाणपण कुठलं?

उन्हाळ्यापेक्षाही मला भीती वाटते ती सिमेंटच्या ब्लॉकची. नवीन घर झालं की पहिलं काम म्हणजे अंगणभर ब्लॉक. झाडायला सोपं, चिखल नाही, गाडी लावता येते. सगळं खरं. पण घराचा नकाशा ठरताना गाडीची जागा विचारली जाते आणि बाईच्या वाफ्याची विचारली जात नाही. मग तिच्या वाट्याला उरतात रंगाचे रिकामे डबे आणि जिन्याखालची सावली. मिस्त्रीला आधीच सांगितलं तर कुंपणाच्या कडेनं दोन फूट माती मोकळी सोडणं त्याला काही जड जात नाही. पावसाचं पाणीही तिथं मुरतं.

‘उपयोग काय’ या प्रश्नाला मी आता सरळ उत्तर देते. घरातल्या सगळ्या कामांचा उपयोग दुसऱ्याला असतो. स्वयंपाक खाऊन संपतो, धुणं पुन्हा मळतं. संध्याकाळी पाच ते साडेपाच झाडापाशी उभं राहणं, सुकलेली फुलं खुडणं, नवा कोंब कुठं आलाय ते बघणं, हे तिचं स्वतःचं असतं. बचत गटाच्या कामासाठी मी घरोघर जाते. ज्या दारात चार फुलझाडं आहेत तिथली बाई पाच मिनिटं तरी तिच्या आवडीचं काही बोलते, हे मी बघितलंय.

पण फुलं सगळ्याच बायकांची असतात का? आमच्या गटात एक मावशी आहेत. त्यांच्या अंगणातली अबोली गल्लीत पहिली. पावसाचा थेंब पडला की वाळलेल्या शेंगा तडतडून फुटतात आणि बी चार हात लांब उडतं, त्यामुळं शेजारच्या तीन घरांतही त्यांचीच अबोली. गल्लीतल्या लग्नकार्याला, गौरींना त्या गजरे करून देतात. त्यांचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली. बारा वर्षांत त्यांच्या स्वतःच्या केसांत त्यांच्या अबोलीचं एक फूल गेलेलं नाही. कुणी मनाई केली नाही, कुणी ‘माळा’ असंही म्हटलं नाही.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. कागद चांगला आहे. पण गजरा काही ग्रामसभा माळत नाही, बाजूला बसलेली बाई माळते. आणि रीत बदलत नाही असं आमच्या भागात तरी कुणी म्हणू नये. शिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका जाणार नाहीत असं ठाम सांगणारे होते, आणि एप्रिल २०१६ मध्ये बायका गेल्या.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीला आमच्या गटानं प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी रोपं वाण म्हणून द्यायचं ठरवलं आणि बोलावणं सगळ्या बायकांना केलं, सवाष्ण कोण नि विधवा कोण ते न बघता. दोन बायका आल्या नाहीत. एकीनं निरोप पाठवला की आमच्याकडं चालत नाही. मावशी मागच्या रांगेत बसल्या होत्या. कुंकू लावताना त्यांनी हात आडवा धरला. रोप मात्र दोन्ही हातांनी घेतलं आणि विचारलं, ‘याला ऊन किती लागतं?’

यंदाच्या संक्रांतीला त्यांच्याच अबोलीची रोपं वाटायची आहेत. दुधाच्या धुतलेल्या पिशव्यांत तीसेक लावून ठेवली आहेत, सध्या त्यांच्या पडवीत आहेत. थंडीत अबोली हळू वाढते, म्हणून त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलंय, की नेल्या नेल्या मोठ्या कुंडीत घालायची घाई करू नका. फुलं येतील ती कुणाच्या केसांत जातील, यावर गटात अजून वाद चालू आहे.